साबणात घातलेल्या जास्वंदीचं पुढे काय होतं?

सोनटक्का

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी घरी साबण करते आहे. चिपळूणजवळ घर आहे, मागे थोडी जागा आहे. तिथे जास्वंद, कोरफड, तुळस, माका, गवती चहा, आंबेहळद, शेंदरी असं जे जे रुजेल ते लावलेलं. साबण शिकले त्या दिवसापासून मनात होतं की परसातलं सगळं त्यात गेलं पाहिजे. विकतच्या वेष्टनावर पान-फूल छापलेलं असतं, आपल्या वडीत ते खरोखर असेल, ह्या विचारानंच मला फार बरं वाटायचं.

प्रत्येक घाणा मी वहीत लिहून ठेवते. त्यातल्या काही नोंदी इथे उतरवते, कारण त्या वाचूनच हा धागा काढावासा वाटला.

जास्वंद: लाल फुलांचा काढा पूर्ण गार केला आणि त्यात कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा तीव्र अल्कली) विरघळवला. पडताक्षणी लाल रंग हिरवा झाला, मग शेवाळी, आणि साच्यातून वडी सुटली तेव्हा निव्वळ मातकट.

तुळस: सावलीत वाळवून पूड केली, वस्त्रगाळ करून घातली. दहा-बारा दिवस सुरेख हिरवी होती. दोन महिन्यांनी पालापाचोळ्याच्या रंगाची.

आवळा: दोन चमचे पूड. वडी गडद तपकिरी झाली आणि फेसही पिवळट येतो.

गुलाब: पाकळ्या वरून लावल्या. आठवड्यात त्या चहाच्या चोथ्यासारख्या दिसायला लागल्या.

हळद: अर्धा चमचा. सुरुवातीला विटकरी, मग छान केशरी. पण खिडकीजवळ ठेवलेल्या वड्या महिन्याभरात फिक्या पडल्या, कपाटातल्या तशाच राहिल्या.

कोरफड: पाण्याऐवजी गर. रंगात फरक नाही, फेस मात्र मऊ वाटतो. घरात सगळ्यांना तसं वाटलं.

माझं नेहमीचं प्रमाण असं: खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, कोकमतेल ५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, म्हणजे एकूण ५०० ग्रॅम. ह्याला ७३ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १५० ग्रॅम पाणी. ह्यात साधारण ५ टक्के तेल साबण न होता मोकळं राहतं. वड्या कापल्यावर किमान सहा आठवडे वाऱ्यावर ठेवते, पावसाळ्यात आठ.

आता प्रश्न. रंग बदलतो ते दिसतंच आहे. पण गुण? तुळशीचं, आवळ्याचं, जास्वंदीचं साबणात नक्की काय उरतं? आणि घालायचंच तर काढा घालावा, पूड घालावी की तेलात सिद्ध करून घालावं? ज्यांनी हे मनापासून केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एक विनंती. कॉस्टिक सोडा हा खेळ नाही. तो वजनानंच मोजायचा, चमच्या-वाटीनं कधीच नाही. काटा १ ग्रॅमपर्यंत अचूक हवा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी, आणि लहान मुलं घराबाहेर. अंगावर उडालाच तर नळाखाली भरपूर पाणी बराच वेळ. लिंबू, व्हिनेगर लावत बसू नका.

---

रसायनी

सोनटक्का, वही ठेवताय हे वाचून आनंद झाला. मी मिरजेला रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमची जास्वंदीची नोंद म्हणजे शाळेतला प्रयोगच आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी आम्लात गडद गुलाबी आणि अल्कलीत हिरवं होतं, ते मुलांना आपण दर्शक म्हणून दाखवतो. तुमच्या पातेल्यात तेच झालं, फक्त अल्कली इतका तीव्र होता की रंगद्रव्य हिरव्यावर न थांबता मोडूनच गेलं.

तुमच्या प्रमाणात ७३ ग्रॅम सोडा १५० ग्रॅम पाण्यात आहे, म्हणजे जवळजवळ ३३ टक्क्यांचं द्रावण. ते करताना तापमान ८०-९० अंशांपर्यंत चढतं. वनस्पतीच्या नाजूक घटकांसाठी ह्याहून वाईट जागा साबणाच्या सगळ्या कृतीत दुसरी नाही, आणि आपण काढा नेमका तिथेच घालतो. आवळ्यातलं क जीवनसत्त्व हे आम्ल. ते सोड्याबरोबर तिथल्या तिथे उदासीन होतं आणि अल्कलीत लगेच ऑक्सिडाइज होतं. आवळ्याचे टॅनिन काळवंडतात, तो तुमचा तपकिरी रंग. कडुनिंबाचं अझाडिरॅक्टिनसुद्धा अल्कलीत टिकत नाही.

हळदीचं तर प्रत्येक घरात माहीत असलेलं उदाहरण आहे. सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण घासला की तो लाल होतो. तोच सदरा उन्हात वाळत घातला की डाग विरतो. हळदीतलं रंगद्रव्य, कुरकुमिन, अल्कलीत लालसर होतं आणि उजेडात तुटतं. तुमच्या खिडकीतल्या वड्या फिकट झाल्या त्या ह्यामुळेच.

मग उरतं काय? तेलात असे काही घटक असतात ज्यांचा सोड्याशी साबण होत नाही. तिळातलं सेसमिन, करंजातलं करंजिन ही त्यांतली. ती वडीत बऱ्यापैकी तग धरतात, शेंदरीचा केशरी रंगही टिकतो. पण साबण अंगावर असतो अर्धा मिनिट, फार तर एक, आणि मग पाण्याबरोबर मोरीत जातो. तेव्हा माझं स्पष्ट मत असं की साबणाकडून स्वच्छता आणि स्पर्श एवढंच मागावं. औषध मागू नये.

आणखी एक. ‘५.५ पीएचचा हर्बल साबण घरी करा’ असं बरेच जण सांगतात. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. आम्ल घालून तो ५.५ वर आणायला गेलं की साबण फुटतो, मेदाम्लं सुटून वर तरंगतात. ५.५ ची वडी बनते, पण ती वेगळ्या फेसकारकांची असते, तेल आणि सोड्याची नव्हे.

---

भिरंड

रसायनीकाकांचं पटलं, तरी थोडं वाईटही वाटलं 🙂 मीही कितीतरी वर्षं कडुनिंबाचा काढा घालत होते.

मी सावंतवाडीची, आता म्हापशाला असते. माझा अनुभव असा की आपल्याकडे वनस्पतीचा गुण तेलातून घ्यायची रीत आधीपासूनच आहे. खोबरेल, तिळेल, एरंडेल, करंजेल, उंडेल, भिरंडेल, ही नावंच बघा. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. आमच्याकडे त्याला मुठेलही म्हणतात, कारण ते मुठीत वळून गोळे करून ठेवतात. बिया वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल काढून थंड करायचं. साधारण ४० अंशांना वितळतं, म्हणून खोलीत दगडासारखं घट्ट आणि टाचेवर चोळलं की विरघळतं. भेगांवर, ओठांवर आई हेच लावायची. ह्यात पाणी नाही, त्यामुळे ते बिघडायला फार वेळ लागतो.

मला वाटतं, साबणात ५० ग्रॅम कोकमतेल घालण्यापेक्षा तेच आंघोळीनंतर ओल्या अंगावर बोटभर लावलं तर जास्त उपयोग. साबणात त्याचा फायदा वडी टणक होण्यापुरता. तोही आमच्या पावसात मोठाच आहे म्हणा. जुलैत साबणाला घाम फुटतो, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं.

---

पाटावरवंटा

काढा, पूड की तेल ह्या प्रश्नावर लिहिते. माझे आजोबा वैद्य होते, घरात तेलं सिद्ध व्हायची ती मी लहानपणापासून बघितली आहेत.

जुना नियम असा: कल्क १ भाग, तेल ४ भाग, द्रव १६ भाग. म्हणजे माका किंवा जास्वंद पाट्यावर वाटून ५० ग्रॅम कल्क, २०० ग्रॅम तेल, आणि ८०० ग्रॅम पाणी किंवा काढा. मंद आचेवर, सतत ढवळत, पाणी पूर्ण आटेपर्यंत. घाई केली तर कल्क तळाला करपतो आणि सगळं तेल वाया जातं. झालं कसं ओळखायचं? कल्क बोटात धरून वळला की त्याची वात होते. ती वात विस्तवावर धरली तर चरचर आवाज येत नाही. आणि तेलावर फेस येतो. तुपाचं उलट, तिथे फेस बसतो. चरचर आली तर पाणी अजून आहे, आणि असं तेल महिन्याभरात खवट होणार हे नक्की समजायचं.

फुलं नुसती ओली तेलात टाकून बाटली उन्हात ठेवतात, ते मला कधीच पटलेलं नाही. ओलाव्यानं बुरशी धरते.

साबणात हे तेल घालायला हरकत नाही, तेलाच्या वजनातच ते धरायचं, सोड्याचं प्रमाण बदलत नाही. पण दीड तास ढवळून केलेलं तेल सोड्यात घालायला माझा हात धजत नाही. ते केसांचं, अंगाचं तेल म्हणूनच वापरावं.

---

थंडप्रदेश

पाटावरवंटा, ओल्या फुलांबद्दल शंभर टक्के सहमत. पण वाळवलेली फुलं असतील तर थंड पद्धत चांगली चालते. मी अमेरिकेत मिनेसोटात राहते, इथे उन्हाळ्यात कॅलेंड्युला भरपूर येतो. पाकळ्या कडक वाळवते, हातात चुरचुरल्या पाहिजेत. मग बरणीत तेल घालून पाच-सहा आठवडे कपाटात. घाई असेल तर बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात तीन-चार तास, पाणी उकळू द्यायचं नाही. तेल गर्द सोनेरी होतं आणि तो रंग साबणातही टिकतो. मी केलेल्या फुलांपैकी साबणात पाकळीचा रंग न बदललेलं हे एकच फूल.

मात्र कॅलेंड्युला म्हणजे आपला झेंडू नव्हे. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातले, पण झाडं वेगळी. झेंडूच्या सुगंधी तेलामुळे उन्हात त्वचेवर चट्टे येऊ शकतात, म्हणून ते अंगाला लावायच्या गोष्टीत जपूनच घालावं.

आणि ह्यात एक गोष्ट मी स्वतःच्या आईवर शिकले, ती मला सगळ्यांना सांगायची आहे. आई पुण्याची. गाजरगवताची तिला जुनी ॲलर्जी, दर पावसाळ्यानंतर मान आणि पापण्या सुजायच्या. मी मोठ्या हौसेनं तिला कॅलेंड्युलाचं मलम करून पाठवलं. तीन दिवसांत चेहरा लाल. डॉक्टरांनी विचारलं, गाजरगवताचा त्रास आहे का? तर हे सगळं एकाच कुळातलं, त्यांच्यातले काही घटक सारखे, आणि शरीर त्यांना एकच समजतं. कॅमोमाइल, शेवंती, झेंडू सगळेच त्यात आले. मला फार अपराधी वाटलं. देशात गाजरगवताची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्याकडेच झाली, तेव्हा आपल्या लोकांत हा त्रास असणारे किती असतील! कुणाला काही करून देण्याआधी हा प्रश्न नक्की विचारा.

---

माळरान

मी लातूर जिल्ह्यातून. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की घरचा साबण फेसच देत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. शिकेकाई, रिठा घातला तर फेस येईल का? केसांसाठी करायचा विचार आहे.

---

रसायनी

माळरान, जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून चोथा करतं, तो तुमचा पांढरा थर. रिठा घालून तो जाणार नाही. उपाय असा: तेलाच्या वजनाच्या २ टक्के सायट्रिक आम्ल, म्हणजे ५०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅम. पण १० ग्रॅम सायट्रिक आम्ल साधारण ६ ग्रॅम सोडा खातं, तेवढा सोडा जास्तीचा घ्यायचा. सोनटक्कांच्या प्रमाणात ७३ चे ७९ ग्रॅम होतील. त्यातून सोडियम सायट्रेट तयार होतं आणि ते पाण्यातला जडपणा थोडा बांधून ठेवतं. पूर्ण जाणार नाही, पण फरक दिसेल. लिंबाचा रस घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. रसातलं आम्ल किती हे माहीत नसल्यामुळे त्या घाण्यात सोडा नेमका किती उरला ते सांगता येत नाही.

केसांसाठी मात्र सोड्याचा साबण करूच नका असं सांगेन. शिकेकाईची सगळी खुबी ती किंचित आम्लधर्मी असण्यात आहे. साबणात घातली की ती खुबीच गेली, उरला तो नावापुरता भुसा.

---

पाटावरवंटा

माळरान भाऊ, शिकेकाई शिकेकाईसारखीच वापरा ना. शिकेकाई, त्याच्या अर्ध्यानं रिठा, थोडा आवळा, नागरमोथा, मूठभर मेथ्या, संत्र्याची वाळलेली साल. रात्री लोखंड सोडून दुसऱ्या भांड्यात भिजत घाला, सकाळी उकळा, कुस्करून फडक्यातून गाळा. लोखंडात आवळा काळा पडतो. ह्यात साबण नाही, त्यामुळे जड पाण्यातही चोथा होत नाही. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, मुलांचे केस धुताना सांभाळा. आणि उरलेलं पाणी फेकून द्या, दोन दिवस ठेवू नका.

---

निर्गुडी

‘उरलेलं फेकून द्या’ हे वाक्य मला मोठ्या अक्षरात लिहून ठेवावंसं वाटतंय.

दोन वर्षांपूर्वी मी कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी आणि ई जीवनसत्त्वाच्या दोन कॅप्सूल असं जेल केलं. वास छान, रंग छान. न्हाणीघरात बरणीत ठेवलं, बोट घालून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावर पुळ्या, मग पू. मला वाटलं त्वचेतली घाण बाहेर पडतेय, म्हणून आणखी लावत राहिले. त्वचारोगतज्ज्ञांनी बरणी मागवून घेतली, उजेडात धरली, तर तळाला करडे धागे. प्रतिजैविकं घ्यावी लागली, गालावर दोन डाग अजून आहेत.

तेव्हापासून जे शिकले ते: ई जीवनसत्त्व तेलाला खवट होऊ देत नाही, पण जंतू मारत नाही. दोन्ही कामं वेगळी. जिथे पाणी आहे, काढा आहे, गर आहे, गुलाबपाणी आहे, तिथे जिवाणू आणि बुरशी येणारच, फ्रीजमध्येसुद्धा, फक्त सावकाश. एक तर दोन दिवसांपुरतंच करायचं, नाही तर योग्य परिरक्षक (जंतू वाढू न देणारा घटक) घालायचा. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरणार असाल तर पीएच ५ च्या आसपास किंवा खाली हवा, नाही तर ते काम करत नाहीत. फिनॉक्सीइथेनॉलला पीएचची एवढी अट नाही, त्याची मर्यादा १ टक्का. ‘केमिकल नको’ म्हणून परिरक्षक टाळणाऱ्या मैत्रिणींना मी माझा गाल दाखवते.

साबणाच्या वडीला ही भीती नाही, तिच्या अल्कलीत जंतू वाढत नाहीत. निव्वळ तेल-मेणाच्या मलमालाही नाही, ओलं बोट घातलं नाही तर.

कोरफड कापल्यावर येणारा पिवळा चीक आधी निथळू द्या आणि गर धुऊन घ्या. त्या चिकानं खाज येते.

---

कवडसा

सगळा धागा वाचला, फार उपयोगी आहे. एक भर घालतो, दिवाळी जवळ आली की घरोघरी उटणं होतं म्हणून.

आमच्या घरच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, गावला कचोरा, आंबेहळद, अनंतमूळ, जटामांसी, मसुराचं पीठ, संत्र्याची साल आणि बावची असायची. बावचीत सोरालेन नावाचे घटक असतात, ते त्वचेला उन्हाबाबत अतिशय संवेदनशील करतात. कोडावर डॉक्टर सोरालेन देऊन मोजून अतिनील किरण देतात ते ह्याच गुणामुळे. उटण्यात चिमूटभर पडते आणि धुतली जाते, तेव्हा फारसं होत नाही. पण माझ्या बहिणीनं बावचीचं तेल मागवून चेहऱ्याला लावलं आणि दुपारी स्कूटरवर कामाला गेली. संध्याकाळी कपाळावर आणि नाकावर भाजल्यासारखे फोड. काळे डाग जायला सहा महिने लागले. दुकानदारानं ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं सांगितलं होतं.

आम्ही उटण्यातून बावची काढून टाकली. वास आणि स्पर्शात काही उणं पडलं नाही. हल्ली क्रीममध्ये दिसतं ते बाकुचिओल हा त्याच बियांतून निघणारा वेगळा, शुद्ध केलेला घटक आहे, त्याची आणि कच्च्या तेलाची गल्लत करू नये.

निसर्गातलं म्हणजे निरुपद्रवी असं म्हणणाऱ्याला बिब्बा आठवून द्यावा. बिब्बा उतला की काय होतं हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्या सुईच्या टोकानं मोजून लावायच्या.

---

भिरंड

कवडसा, बहिणीचं वाचून कसंतरी झालं. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेलं तरी असंच होतं, हे कित्येकींना माहीत नसतं.

सुगंधी तेलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: गवती चहाचं तेल साबणात बऱ्यापैकी टिकतं, संत्र्या-लिंबाचं महिन्यात उडून जातं. वाळा, पाच (पॅचौली), नागरमोथा ह्यांचा वास सगळ्यात लांब राहतो, आणि त्यात गवती चहा मिसळला तर तोही टिकतो. तेलाच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या वर मी कधीच जात नाही, चेहऱ्यासाठी त्याहून खूप कमी. लवंगेचं आणि दालचिनीचं तेल घातलं की मिश्रण काही क्षणांत दगड होतं, साच्यात ओतायलाही वेळ मिळत नाही. शिवाय दालचिनी कातडीला जाळते. मी दोन्ही बंद केली.

---

बचतगट

आमच्या गटातल्या बारा जणी मिळून कडुनिंब-हळदीचा साबण करून प्रदर्शनात विकायचा विचार करतोय. ‘खरूज, मुरुम, इसब यावर गुणकारी’ असं लिहिलं तर चालेल का? धाग्यावर वाचून जरा शंका आली.

---

रसायनी

ताई, शंका आली हे फार बरं झालं. घरात वापरायला, नातेवाइकांना द्यायला काही अडचण नाही. विकायचं म्हटलं की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० लागू होतात. उत्पादनाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, त्याचा नमुना सीओएस-८. स्वतःची जागा नसेल तर परवानाधारक कारखान्यात करून घेण्यासाठी लोन लायसन्स, सीओएस-९. गट लहान असेल तर हा रस्ता जास्त सोपा पडतो. वेष्टनावर घटक, घाणा क्रमांक, तारीख, पत्ता हे सगळं लागतं.

आणि ‘खरूज बरी करतो’ असं लिहिलं की ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध होतं. त्याचे नियम वेगळे, आयुर्वेदिक म्हणून विकायचं तर त्याचा परवाना वेगळा. पण कायदा बाजूला ठेवला तरी, इसब असलेल्या माणसाची त्वचा आधीच फाटलेली असते. ९-१० पीएचचा साबण त्याला बहुतेक वेळा त्रासच देतो. तो विश्वासानं घेणार आणि त्याला आग होणार. ‘घाण्याच्या खोबरेलाचा, हळदीच्या रंगाचा, गवती चहाच्या वासाचा साबण’ असं लिहा. ते खरं आहे, आणि लोक तेवढ्यासाठीही घेतात.

---

बचतगट

मनापासून आभार. गटात वाचून दाखवते. आमच्यातल्या एकीनं आधीच लेबलं छापायला दिली होती, ती थांबवली.

---

सोनटक्का

धागा वर काढतेय. तीन महिने झाले, आणि तुमच्या सगळ्यांचं वाचून मी एक घाणा मुद्दाम चार भागांत केला. तेच प्रमाण, तोच सोडा, तोच दिवस.

पहिला भाग साधा, काहीही न घालता. दुसऱ्यात जास्वंदीचा काढा. तिसऱ्यात पाटावरवंटांच्या पद्धतीनं सिद्ध केलेलं जास्वंदीचं तेल, एकूण तेलाच्या चौथ्या हिश्शाइतकं. चौथ्यात शेंदरीच्या बिया कोमट तेलात भिजवून गाळलेलं केशरी तेल.

घरात पाच जणांना क्रमांक घालून दिले, कशात काय आहे ते सांगितलं नाही. तीन आठवडे वापरले. पहिल्या तीन वड्यांत कुणालाही फरक सांगता आला नाही. सासूबाईंनी दुसरा ‘जरा कोरडा’ म्हटला आणि पुढच्या आठवड्यात तोच ‘बरा’ म्हटला. चौथा सगळ्यांनी रंगामुळे ओळखला, तो अजून पहिल्या दिवसासारखा केशरी आहे. एक वडी खिडकीत ठेवली होती, ती थोडी उतरली, पण हळदीइतकी नाही.

उरलेलं जास्वंदीचं तेल मात्र मी आणि मुलगी केसांना लावतोय, आणि त्यात फरक जाणवतो. केस विंचरताना गुंता कमी होतो. तेवढंच सांगू शकते.

कवडशांचं वाचून उटण्याच्या डब्यातली बावची काढली. प्रत्येक नवी गोष्ट आता आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघते, मगच बाकी घराला. आणि थंडप्रदेश, तुझ्या आईचं वाचून शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्यांनाही गाजरगवताचा त्रास आहे. त्यांना मी गेल्या वर्षी शेवंतीचं मलम दिलं होतं, आणि त्यांनी संकोचानं काही सांगितलं नव्हतं. आता त्यांच्यासाठी नुसतं कोकमतेल आणि मेण.

---

थंडप्रदेश

काकूंनी सांगितलं नाही हे वाचून आईच आठवली. तीही तीन दिवस गप्प होती.

शेंदरीचा फोटो टाक ना. किती बिया, किती तेल?

---

सोनटक्का

१०० ग्रॅम तेलाला दोन चमचे बिया, पातेल्यातल्या कोमट पाण्यावर तासभर, मग गाळून घेतलं. तापवून बिया काळ्या होऊ द्यायच्या नाहीत, रंग करपतो. हे तेल १ चमचा घेतलं तरी ५०० ग्रॅमला फिका पिवळा येतो, मी बरंच जास्त घातलं होतं.

फोटो रात्री टाकते. ह्या वर्षी झाडाला बोंडं खूप लागली आहेत. तडकली की बिया वाळवून ठेवीन, ज्यांच्याकडे लावायला जागा आहे त्यांनी इथेच सांगून ठेवा.